राहिलेला पाय

पेठ-सुरगाण्यापासून पार सटाणा-नांदगावपर्यंत माझे पाय रोज चालतात. कुणी त्यांच्यावर द्राक्षबागेत दिवसभर उभं राहतं, कुणी कांद्याच्या मार्केटात हेलपाटे घालतं. एका आजोबांनी तर सप्तशृंगीचा गड चढून वरून मला फोन केला होता, "साळवे, तुमचा पाय देवीला भेटला हो!" मी स्वतः मात्र रिटायर झाल्यापासून नाशिकरोडच्या घरातून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जातो आणि गुडघे धरून परत येतो. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय!

सांगायचं म्हणजे, मी मिशनच्या दवाखान्यात कृत्रिम पाय बनवत होतो. नाताळ अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "तुमच्या सेवेबद्दल लिहा." सेवा हा शब्द ऐकला की मी घाबरतो. मी नोकरी केली. उपासनेला मागच्या बाकावर बसणारा आणि प्रवचन लांबलं की घड्याळ बघणारा माणूस मी. सेवा बघितली मात्र जवळून, रोज, आणि तिच्याबद्दल लिहायला माझी हरकत नाही. फक्त ज्या सिस्टरबद्दल लिहितोय त्यांना हे आवडणार नाही. अंक हातात पडल्यावर त्या मला झापणार, हे गृहीत धरूनच लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो. पाय कापल्यावर उरलेल्या भागाला पेशंट खुंट म्हणतात. त्या खुंटावर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा. साच्यात परत प्लॅस्टर ओतलं की खुंटाची हुबेहूब प्रतिकृती हातात येते. मग नळाच्या कामाला वापरतात तसला जाड प्लास्टिकचा पाइप भट्टीत तापवून मऊ करायचा आणि त्या प्रतिकृतीवर चढवायचा. गार झाला की ती पायाची नळी. तिच्या खाली रबरी पाऊल बसवायचं, बोटं असलेलं, घोट्यात वाकणारं, अनवाणी चालता येईल असं. वाचायला हे सोपं वाटतं. पण सकाळी बरोबर बसलेला पाय दुपारी काचतो, कारण खुंट दिवसभरात सुजतो, उतरतो. हाडाच्या टोकावर जरा भार आला की माणूस ओरडतो. मग परत तापव, परत घास. साहेबांच्या फायलीत माझं पद काय होतं कुणास ठाऊक, लोक मला पायवाले साळवे म्हणायचे.

आमच्याकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले निवृत्तीआबा नावाचे फिटर आले होते. शुगरने पाय गेलेला, जीभ मात्र शाबूत. मी पाय जोडला तर त्यांनी पिशवीतून ओळंबा काढून त्याला लावला आणि म्हणाले, "साळवे, हे औट हाय. आमच्या प्लांटात असं बसवलं असतं तर साहेबानी घरी पाठवलं असतं."

"आबा, भिंत सरळ असते. माणूस नसतो," मी म्हणालो. "तुमचा चांगला पाय ओळंब्यात आहे का बघा."

त्यांनी बघितलं. नव्हता. पाय थोडा तिरकाच लावावा लागतो, तरच चाल सरळ येते. आबांना ते पटलं, पण फिटर असल्यामुळे त्यांनी तसं कबूल केलं नाही.

या आबांशीच विमल सिस्टरची पहिली खडाजंगी झाली. विमल सिस्टर म्हणजे आमच्या खोलीच्या इन्चार्ज नर्स. बुटक्या, चष्मेवाल्या, बोलणं अगदी बेताचं. त्यांचे यजमान भास्करराव चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन फाटकापाशी सिस्टरची वाट बघत उभे राहायचे. सिस्टर पेशंटला कधी उपदेश करत नसत. त्यांचं एकच ठरलेलं काम असायचं. पेशंट खोलीत आला की कोमट पाण्याचा टोप घेऊन खाली बसायचं आणि त्याचा राहिलेला पाय धुवायचा. हो, राहिलेला. जो पाय शाबूत आहे तो. टाच, नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं नीट बघायचं, पुसायचं, तेल लावायचं.

याला वैद्यकीय कारण होतंच. एक पाय गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. शुगरच्या माणसाला तर जखम झालेली कळतही नाही, आणि घरचे सगळे गेलेल्या पायाच्या काळजीत असतात. तेवढ्यात दुसराही हातचा जातो. सिस्टर म्हणायच्या, "गेलेल्याचं सगळे बघतात, साळवे. राहिलेल्याकडे कोण बघणार?"

आता प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते, हे आमच्या संडेस्कूलचं पोरगंही सांगेल. पण सिस्टरनी ते कधी तोंडाने काढलं नाही. पेशंटला मात्र धास्ती वाटायची. एवढी वयस्कर बाई आपल्या पायाशी बसते म्हणजे आपल्याला पाप लागणार, म्हणून माणसं पाय मागे ओढायची. निवृत्तीआबांनी तर सरळ विचारलं, "सिस्टर, तुम्ही मला बाटवणार तर नाय ना?"

"आधी नखं बघा तुमची," सिस्टर म्हणाल्या. "बाटवायचं मागाहून बघू."

आबा एवढे हसले की पाय मागे घ्यायचा विसरले.

मथुरा आली ती मात्र हसण्याच्या पलीकडे गेलेली होती. पेठच्या पुढे घाट उतरून एका पाड्यावर तिचं घर. नवरा रामदास आणि ती दरवर्षी भात झालं की द्राक्षबागांत मजुरीला यायची. मजुरांची ट्रॉली उलटली आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वय पंचविशीतलं. घरी लहान मुलगी आणि सासू. आमच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसायची. रामदास बिचारा बाहेर पायरीवर बसून राही आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून जाई.

मी माझ्या पद्धतीने धीर देऊन बघितला. अमका असा चालतो, तमकी सायकल चालवते. ऐकून ती आणखीच भिंतीकडे वळली. दुसऱ्याच्या सुखाच्या गोष्टी सांगून दुःखी माणसाला धीर येत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. सिस्टर मात्र रोज टोप घेऊन बसायच्या, तिचा डावा पाय धुवायच्या, भेगांना तेल लावायच्या. एके दिवशी मथुरा भिंतीकडे बघतच म्हणाली, "बाई, आमच्याकडं पाय धुवून माणसाला घरात घेत्यात."

"मग?" सिस्टर म्हणाल्या.

"मला कोण घेनार आता? चूल नाय, पानी नाय, आवणी नाय. घरात बसवून खायला घालायचं मानूस मी."

सिस्टरनी पाय पुसला. "साळवे पाय करतायत," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, हे काय सांत्वन झालं? पण दुसऱ्या दिवशी मथुरा तोंड आमच्याकडे करून बसली.

तिचा पाय मी जीव ओतून केला. चिखलात उभं राहता यावं, चुलीपुढे उकिडवं बसता यावं, असा. दोन दांड्या धरून ती पहिल्यांदा चालली तेव्हा तिने विचारलं, "पायवाले दादा, ह्या पायात काटा मोडला तर कळंल का?"

"नाही कळणार."

"मंग बरंय. निम्मे काटे वाचले." आणि ती हसली. बाहेरून रामदासने ते हसू ऐकलं आणि तो तोंडावर टॉवेल धरून रडला.

ती घरी निघाली त्या दिवशी आमच्याकडून एक घोळ झाला. पाय न्यायला आमच्याकडे धड पिशव्या नसायच्या. एका बुटाच्या दुकानदाराने मोठ्या मनाने रिकामे खोके दिलेले होते, गमबुटांचे. पाय त्यात अगदी मापात बसायचा. खोक्यावर काळ्याकुळकुळीत गमबुटांचं भलंमोठं चित्र. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मथुराने रस्त्यासाठी सांगितलं, गर्दीत नवा पाय नको, कुबड्यांवर जाते. मी पाय खोक्यात घालून वर सुतळी बांधली आणि रामदासच्या डोक्यावर दिला.

आवणी झाल्यावर, म्हणजे भाताची लावणी उरकली की, तपासायला या, असं बजावलं होतं. कुणी आलं नाही. दिवाळी झाल्यावर रामदास एकटाच बागांच्या कामाला नाशिकला आला आणि आम्हाला भेटून गेला. मी विचारलं, "मथुराचा पाय कसा आहे?"

"येकदम बेस हाय. नीट ठेवलाय."

तो गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "साळवे, ठेवलाय म्हणाला तो. वापरते असं म्हणाला नाही."

नाताळ तोंडावर आलेला. घरोघर करंज्यांचे घाणे सुरू होते, भास्कररावांच्या क्वायरच्या तालमी चाललेल्या. मला वाटलं, जानेवारीत बघू. सिस्टरनी सुट्टीचा अर्ज दिला आणि माझाही दिला, मला न विचारता. एसटीने पेठ, तिथून जीप, मग चालत. वाटेत मी भरपूर कुरकुर केली. त्यांनी पिशवीतून एक करंजी काढून दिली.

पाड्यावर भाताच्या झोडणीचे दिवस. घरापुढचं खळं शेणाने सारवून लख्ख केलेलं, मधोमध भाताची रास. मथुरा कडेला दगडावर बसून सुपाने भात पाखडत होती. पाय घातलेला होता. मला हायसं वाटलं. आम्हाला बघून ती गडबडीने उठली, खळ्याच्या कडेकडेने चांगली चालत दारापर्यंत गेली. आणि दारात बसून तिने पाय काढला. चपलांच्या ओळीत तोच गमबुटांचा खोका होता. पाय त्यात ठेवला आणि हातांवर भार देऊन, गुडघ्यांवर खुरडत ती आत गेली. आमच्यासाठी पाणी आणायला.

आत जाऊन बघतो तर खुंटावर घट्टे पडलेले आणि राहिलेल्या पायाचा घोटा जमिनीवर घासून सोललेला. सिस्टर तिथेच खाली बसल्या.

"अगं, पाय का काढलास?"

"वहान घालून चुलीपाशी कशी येऊ, बाई?" मथुरा म्हणाली. "खळ्यावर लक्ष्मी हाय, घरात कणसरी हाय. बाह्यर घालते की मी. पान्याला जाते, बाजारला जाते. पन आत कसं चालंल?"

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. मी सासूकडे वळलो. बाई काटकुळी, डोळ्यांत पाणी आलेलं. मला वाटलं, हिचाच हा सोवळेपणा. मी ऐटीत समजावू लागलो, "आजी, ही वहाण नाही. हा पाय आहे. रबराचा आहे, मी स्वतः केलाय."

"गमबूट बी रबराचाच असतो, दादा," म्हातारी म्हणाली. "खोका बघा की. सगळ्या पाड्यानी बघितला. आन मी काय तिला अडवते? मी म्हनते घाल, देवी काय गिळती का? तीच ऐकत नाय. म्हनते, आधीच येवढं झालंय, आता माझ्यामुळं घरावर काय नको."

खरं सांगायचं तर आमच्या गावाकडच्या चर्चमध्येही आम्ही चपला बाहेरच काढतो. तिथे कुणी मला बूट घालून आत ये म्हटलं असतं, तर मीही गेलो नसतो. चित्राचा खोका मी माझ्या हाताने बांधून दिला होता, आणि आता त्याच्याशी वाद घालत होतो. त्या पोरीने आयुष्यभर स्वतःच्या घरात खुरडत राहायचं की उभं राहायचं, एवढाच प्रश्न होता.

सिस्टरनी पाणी मागितलं. आजीने कळशी आणि तांब्या आणून दिला. सिस्टर मथुराला घेऊन दारात बसल्या. आधी नेहमीप्रमाणे राहिलेला पाय. सोललेला घोटा हलक्या हाताने धुतला, पुसला, मलम लावलं. मग त्यांनी खोक्यातून रबरी पाय काढला, मथुराला घालायला लावला आणि हातही न थांबवता तोही धुवायला घेतला. तशीच टाच. तशीच बोटं. बेचक्यांत अडकलेला चिखल एकेका बोटाने काढला. मग पदराने पुसला. रबरी पाय पदराने! मला वाटलं, पुसायचं फडकं विसरल्या. फडकं तर शेजारीच होतं.

पाड्यावरच्या बाया जमलेल्या. आजी दाराला टेकून बघत होती. बघता बघता म्हणाली, "वहान तर कुनी आसं धुत नाय."

सिस्टरनी वर बघितलं आणि तांब्या तिच्यापुढे धरला. बस्स, एवढंच केलं त्यांनी.

आजीने तांब्या घेतला. मथुराच्या दोन्ही पायांवर पाणी घातलं, आधी डाव्या, मग उजव्या. आत जाऊन भाकरीचा तुकडा आणला, नव्या नवरीवरून ओवाळतात तसा सुनेवरून ओवाळला आणि लांब फेकला. मग तिचा हात धरून म्हणाली, "ऊठ. ये आत, माझे बाय."

मथुरा उठली. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. उजवा पाय आधी आत टाकला, माझा पाय, आणि चालत चुलीपर्यंत गेली. चुलीपुढे उकिडवी बसली तेव्हा घोटा मी ठरवला होता तसाच वाकला. माझ्यासारखा मागच्या बाकावरचा माणूस, पण मी दाराच्या बाहेर जाऊन टोपी काढली आणि देवाचे आभार मानले. चहा तिनेच केला. खूप गोड होता, आणि मला शुगर असूनही सिस्टरनी तो मला पिऊ दिला. निघताना मी तो खोका मागून घेतला आणि वाटेत फाडून टाकला.

त्यानंतर आमच्या खोलीतून एकही पाय खोक्यात गेला नाही. चर्चच्या महिला मंडळाने पांढऱ्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवून दिल्या. आणि नवा पाय घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाचे सिस्टर दोन्ही पाय धुवू लागल्या.

हे झाल्याला काही वर्षं झाली. मी रिटायर झालो, सिस्टरही झाल्या. मथुरा दर नाताळच्या आधी नव्या तांदळाची गाठोडी घेऊन दवाखान्यातल्या आमच्या खोलीत येते. तिथे कुणी भिंतीकडे तोंड करून बसलेलं असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसते. तिला कुणी हे काम दिलेलं नाही. मला तर वाटतं, माझ्या सगळ्या पायांपेक्षा तिच्या त्या बसण्याने जास्त माणसं उभी राहिली.

यंदा पावसाळा सरता सरता भास्करराव गेले. झोपेतच. पेटी उघडीच राहिली होती. सिस्टर रडल्या नाहीत. दफनविधीला सगळ्यांशी नीट बोलल्या आणि घरी जाऊन खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच. उपासनेला येईनात. आम्ही सगळे भेटायला जायचो, पाळकसाहेब, मंडळाच्या बाया, मी. भास्कररावांचा आवाज कसा होता, पेटीवर हात कसा फिरायचा, हेच बोलायचो. सिस्टर मान हलवायच्या. त्यांचं बोलणं आधीच कमी, ते आता संपल्यासारखं झालं होतं.

परवा मथुरा तांदूळ घेऊन माझ्याकडे आली. सिस्टरकडे चला म्हणाली. दारात चपला काढल्या, बाहेरच्या नळावर स्वतःचे दोन्ही पाय धुतले आणि आत गेली. सिस्टरच्या समोर उभी राहिली. भास्कररावांबद्दल एक शब्द बोलली नाही. तिची नजर खाली गेली. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन पाणी कोमट केलं आणि टोप घेऊन सिस्टरच्या पुढे खाली बसली.

सिस्टरनी झटकन पाय मागे ओढला. ज्या बाईने जन्मभर लोकांचे पाय धुतले, तिने! "नको गं. तू नको."

"का नको?" मथुरा म्हणाली. "गेल्याचं सगळे बघत्यात, बाई. राहिलेल्याकडं कोन बघनार?"

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं. मथुराने पाय पाण्यात घेतला. पाय सुजलेले होते, टाचा फुटलेल्या, एका बेचक्यात चीर पडलेली. आम्ही एवढे जण रोज त्या खुर्चीसमोर बसून गेलो, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मथुराने एकेक बोट धुतलं आणि रडणं थांबेपर्यंत पाय हातात धरून ठेवला.

सिस्टरनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि वाकून आपल्याच पायांकडे नीट निरखून बघितलं.

"नखं फार वाढलीत गं," त्या म्हणाल्या. "तीही काप. रविवारी उपासनेला चप्पल घालायचीय मला. साळवे, नुसते बघत काय बसलात? नेलकटर कपाटात आहे."

मी गुडघे धरून उठलो आणि नेलकटर शोधायला गेलो.